हिरव्या पाटीखालचं दार

दरवाजा म्हटला की तो कुणाच्या तरी घराचा असतो, दुकानाचा असतो, गेला बाजार गोठ्याचा तरी असतो. मी एक जुना दरवाजा आहे खरा, मित्रांनो, पण मी कशाचाच नाही. माझ्या अलीकडे शिवणकामाचा मोठा हॉल आहे, पलीकडे विटांची भिंत आहे आणि मधे मी आहे, लोखंडी पट्ट्यांनी भिंतीला जखडलेला. हसू नका. मीही पूर्वी हसायचो. आता हसू येत नाही, कारण उद्यापासून हा हॉल पुन्हा बायामाणसांनी भरणार आहे. त्याआधी तुम्हाला सगळं सांगून टाकतो.

माझा जन्म झाला तो एका मेहुण्याच्या टोमण्यातून. आमचे बंबवाले काका अग्निशमन केंद्राचे प्रमुख होते. आगीपासून सावध राहा, अमुक करा, तमुक करू नका, असं सांगत ते शाळाशाळांत, कारखान्याकारखान्यांत भाषणं देत फिरायचे. पत्रकं वाटायचे. लोक त्या पत्रकांनी वारा घ्यायचे. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय! त्यांचा मेहुणा नाटकाचे सेट बांधणारा सुतार. एकदा जेवताना तो म्हणाला, "दाजी, तुमचं भाषण चालू असताना खरी आग लागली ना, तरी लोक खुर्चीवरून उठायचे नाहीत. झोपलेले असतात बिचारे."

काका भडकले. "मग तू सांग शहाण्या, काय करू?"

"लोकांना सांगू नका. लोकांकडून करून घ्या."

आणि त्यानं मला करून दाखवलं. चौकट मजबूत लाकडाची, अंगावर प्लायवूड, बिजागऱ्या आणि कडी मात्र अगदी खऱ्या, आणि पायाला चाकं. माझ्यामागे काळ्या कापडाचा तंबू उभा राहायचा. त्यात नाटकातला धूर सोडायचा, साधा, खोकलासुद्धा न आणणारा. लोकांनी आत शिरायचं, खाली वाकून रांगत रांगत माझ्यापर्यंत यायचं आणि मला हात लावून बघायचं. तोही तळवा नाही, हाताची मागची बाजू. "तळवा भाजला तर पुढे कडी कशानं धरणार? पायानं?" असं काका विचारायचे. कधीकधी मेहुणा माझ्या अंगाला गरम पाण्याची रबरी पिशवी टांगून ठेवायचा. दार गरम लागलं की उघडायचं नाही, दुसरी वाट शोधायची. थंड लागलं की खुशाल उघडायचं आणि बाहेर.

काय धमाल यायची म्हणून सांगू! ज्या चौकात भाषणाला चिटपाखरू फिरकत नव्हतं, तिथे माझ्यापुढे रांग लागायची. एक आजी रांगत बाहेर आल्या, गुडघे झाडले आणि म्हणाल्या, "जन्मभर पोरांना उठवायला दारं बडवली. दाराला विचारून मग उघडायचं असतं, हे आज कळलं गं बाई." लोक हसत हसत शिकत होते. एका घरातली धाकटी मुलगी तर खरंच वाचली. स्वयंपाकघर पेटलं तेव्हा तिनं दाराला उलटा हात लावला, दार तापलेलं लागलं, ते तसंच बंद ठेवून ती सगळ्यांना गॅलरीत घेऊन गेली. तिचे वडील केंद्रात आले आणि मला कोपऱ्यात उभा पाहून त्यांनी माझ्या चौकटीवर डोकं टेकलं. मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या दारपणाचा फार अभिमान वाटला.

मग आम्ही या हॉलमध्ये आलो. दुसरा मजला, शिवणयंत्रांच्या ओळीच ओळी, एका टोकाला इस्त्रीची टेबलं आणि त्यांच्या शेजारून खाली जाणारा जिना. मागच्या कोपऱ्यात आणखी एक दार होतं. बाहेरच्या लोखंडी जिन्यावर उघडणारं, अडीअडचणीचं खरंखुरं दार. पण त्याच्यापुढे कापडाचे गठ्ठे रचलेले. काकांनी पहिल्याच दिवशी ते पाहिलं आणि सुपरवायझरला म्हणाले, "हे गठ्ठे हलवा." सुपरवायझर "हो हो, आजच" म्हणाला. हा माणूस वाईट नव्हता बरं का. फक्त त्याच्या मागे सतत कुणीतरी लागलेलं असायचं, आणि तो सतत कुणाच्या तरी मागे.

सराव मात्र झकास झाला. सगळ्यांनी माझ्यातून जाऊन पाहिलं, परत परत. आणि तिथेच गोम होती, मित्रांनो. आग लागली की पळायचं कुठे, तर या दाराकडे, हे त्यांच्या अंगात भिनलं. हे दार म्हणजे मी.

तंबू गुंडाळून गाडीत गेला. मला जागा उरली नाही. "पुढच्या फेरीत नेतो," काका म्हणाले. पण काकांची बदली झाली, नव्या साहेबांना पत्रकंच आवडायची, आणि माझी आठवण कुणाला राहिली नाही. मी वाटेत येतो म्हणून मला मागच्या भिंतीशी सरकवलं. चाकांमुळे मी हलतो म्हणून चाकं काढली आणि पट्ट्या ठोकल्या. कुणी म्हणालं, फेकून द्या. सुपरवायझर म्हणाला, "छे छे! बंबवाल्यांची वस्तू, सरकारी. आपण कशाला हात लावायचा? उद्या विचारायला आले तर?"

आणि मग तो वायरमन आला. अडचणीच्या दारावरची 'बाहेर' अशी हिरव्या दिव्याची पाटी जळाली होती, तिच्या जागी नवी लावायची होती. त्यानं विचारलं, "भाऊ, पाटी कुठे लावू?" सुपरवायझर फोनवर होता. मानही न वळवता म्हणाला, "दारावर लाव, अजून कुठे! माझ्या डोक्यावर?" वायरमननं हॉलभर नजर टाकली. गठ्ठ्यांमागचं दार दिसायला मार्ग नव्हता. मी दिसत होतो, चांगला उभाच्या उभा. त्यानं माझ्या डोक्यावर पाटी बसवली, बटण दाबून पाहिलं आणि शीळ घालत निघून गेला. मी आतून ओरडत होतो, अरे बाबा, मी नाही, मी नाही! पण लाकडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं?

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशी माझी गत झाली. पाठीशी भिंत, डोक्यावर 'बाहेर'. तपासणीला आलेले लोक लांबूनच पाटी बघायचे, मान डोलवायचे आणि चहाला जायचे.

सुरुवातीला सगळ्यांना ठाऊक होतं. काजं करणारी एक मावशी होती, खणखणीत आवाजाची. यंत्रांच्या खडखडाटातही तिची हाक टोकापर्यंत जायची. ती मला "जावईबापू" म्हणायची. "नुसते उभे, कामाचे ना धामाचे, वर मान मोठी!" सगळ्या बाया हसायच्या. मीही हसायचो. पण जुन्या बाया एकेक करून काम सोडून गेल्या, नव्या आल्या, आणि नव्यांना मी फक्त एक दार होतो. खाली वाकायचं, रांगायचं, दाराला उलटा हात लावायचा, हे सगळं जुन्यांनी नव्यांना शिकवलं; मी खोटा आहे एवढंच सांगायचं राहून गेलं. मावशीची लेकही कामाला लागली. तिचं यंत्र नेमकं माझ्याजवळ. ती तिची पिशवी माझ्या कडीला अडकवायची. मावशी तिला म्हणायची, "त्या दाराच्या नादी लागू नकोस गं." लेकीला वाटायचं, आई पिशवी अडकवण्याबद्दल बोलतेय. आणि मावशीला वाटायचं, सगळ्या जगाला ठाऊक आहे ते लेकीला वेगळं काय सांगायचं? दिवसभर माझ्या पुढ्यात बसलेल्या त्या पोरीकडे पाहून माझा जीव टांगणीला लागलेला असायचा.

ती दुपार आली. इस्त्रीच्या टेबलाची वायर धुमसली, शेजारच्या कपड्यांनी पेट घेतला आणि बघता बघता जिन्याकडचं टोक धुरानं भरलं. नाटकातला धूर नव्हे हो. काळा, घशात बोटं घालणारा धूर. एकच आरडाओरडा झाला. तेवढ्यात एक कामगार ओरडली, "खाली वाका! दाराकडे चला! शिकवलंय ना आपल्याला!"

आणि त्या आल्या. मित्रांनो, त्या अगदी शहाण्यासारख्या आल्या. ढकलाढकली नाही, चेंगराचेंगरी नाही. खाली वाकून, तोंडाला कापड धरून, भिंतीच्या कडेनं रांगत, हिरव्या पाटीकडे बघत. सगळ्यांत पुढे मावशीची लेक. तिनं हात उलटा केला आणि माझ्या अंगाला लावला.

मी थंडगार होतो. पाठीशी वीट असलेलं दार तापणार कसं?

"थंड आहे!" ती आनंदानं ओरडली. "थंड आहे, चला!" तिनं कडी ओढली आणि मी उघडलो.

समोर भिंत.

तिला क्षणभर कळलंच नाही. तिनं विटांवर हात फिरवला. मग ढकललं. मग मुठी मारायला लागली. मागच्या बायांना वाटलं, दार अडकलंय. त्या पुढे सरकल्या, आणि त्यांच्या मागच्या आणखी पुढे. मघाशी शिस्तीत आलेली माणसं आता एकमेकींना दाबू लागली, आणि ती पोरगी माझ्या चौकटीत भिंतीशी चेपली. काकांनी शिकवलेलं सगळं त्यांनी बरोबर केलं होतं. एकही चूक केली नव्हती. खोटा होतो तो मी एकटा, आणि मला हलता येत नव्हतं.

तेवढ्यात हॉलच्या दुसऱ्या कोपऱ्यातून हाक आली. "तिकडं भिंत आहे गं! इकडं या! गठ्ठ्यांकडं! माझ्या आवाजाकडं या!"

मावशी. ती जिन्याजवळ बसायची, मनात आणलं असतं तर केव्हाच उतरून गेली असती. पण ती गठ्ठे उपसत होती आणि हाका मारत होती. धुरात तोंड उघडं ठेवून, थांबत नव्हती, खोकत होती आणि पुन्हा हाक मारत होती. बाया वळल्या. दिसत काहीच नव्हतं, पण आवाज होता. आवाजाच्या मागोमाग त्या रांगत गेल्या. गठ्ठे बाजूला झाले, गंजलेला बोल्ट दोघीतिघींनी मिळून हिसडून काढला आणि लोखंडी जिन्यावरचा उजेड आत आला. एकेक करून सगळ्या उतरल्या. माझ्यापाशी उरली ती लेक, गुडघ्यावर बसलेली, अजून विटांना ढकलत. तिच्या डोक्यात एवढंच होतं, दार थंड आहे म्हणजे वाट आहे. आईनं परत येऊन तिला दंडाला धरून ओढलं. ती सुटेना, तेव्हा एक सणसणीत थप्पड दिली आणि फरपटत नेलं.

सगळ्या वाचल्या. सगळ्या, मित्रांनो. पण मावशीचा आवाज गेला. धुरानं घसा असा भाजला की डॉक्टरांनी हात टेकले. आता ती बोलते तेव्हा ओठ हलतात आणि थोडी हवा बाहेर येते, बस्स. ज्या बाईची हाक यंत्रांना भारी पडायची, ती आता लेकीच्या बाहीला ओढून बोलावते. याचा विचार आला की मला रडू येतं, आणि लाकडाला रडताही येत नाही.

तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर मला काढून टाकलं असेल. नाही हो! हॉल धुतला, भिंती रंगवल्या, गठ्ठे तळमजल्यावर गेले. सुपरवायझर आता दोन हात जोडून फिरतो, खरंच हादरलाय बिचारा. पण माझ्यापाशी आला की त्याचं घोडं अडतं. वर कळवलंय म्हणतो. केंद्राला विचारलंय, उत्तर आलं नाही म्हणतो. रंगारी आले, त्यांनी मला छान हिरवा हात मारला. पाटीचा दिवा अजून चालू आहे. मी नवाकोरा दिसतोय. उद्या सकाळी नव्या मुली कामावर येतील, त्यांना काय ठाऊक?

मित्रांनो, जुनी छत्री, जुनं घड्याळ, जुनं पुस्तक, सगळे तुम्हाला गोष्ट सांगतात आणि शेवटी विनवतात, आम्हाला जपा, फेकू नका. मी उलटं विनवतो. मला जपू नका. जपण्यासारखं जे होतं ते माझं शिकवून झालं आहे. ते तुमच्या हातांत आहे. तुमच्या शाळेत, कचेरीत, सिनेमाच्या थेटरात जिथे 'बाहेर' लिहिलेलं असेल तिथे पाटीवर विश्वास टाकू नका. कडी धरा, दार उघडा आणि एक पाऊल बाहेर टाकून बघा. कुणी हसलं तर हसू द्या. आणि माझ्यासारखा कुणी सापडला, तर तो कुणाचा आहे, कुणाला विचारायचं, याचा घोळ घालत बसू नका.

थांबा. कुणीतरी जिना चढून येतंय.

मावशीची लेक आहे, आणि तिच्या मागून मावशी. लेकीच्या हातात हातोडा आहे. सुपरवायझर मागून धावत आलाय. "अगं, सरकारी वस्तू आहे ती! उद्या माझ्यावर येईल!"

"येऊ दे," ती म्हणाली. "माझं नाव सांगा."

तिनं खुर्ची ओढून माझ्या डोक्यावरची पाटी उतरवली आणि आईच्या हातात दिली. आता ती माझ्यासमोर उभी आहे. तिनं हातोडा वर उचललाय. मावशीनं तिच्या खांद्यावर हात ठेवलाय आणि तिचे ओठ हलताहेत. आवाज नाही, पण काय म्हणतेय ते मला कळतंय, कारण मीही तेच म्हणतोय.

मार, पोरी. घाबरू नकोस. मार.