पाच जानेवारीचे दोन गोल

सव्वा महिना कालच पुरा झाला होता आणि आज आरती लेकीला छातीशी धरून लीग चालवणाऱ्या किसनरावांच्या रसवंतीमागच्या खोलीत बसली होती. भातकुलीहून ऑटोने येताना बाळाच्या तोंडावरचा पदर तिने एकदाही सरकू दिला नव्हता. इथे मात्र काही चालेना. दाराशी चिपाडांचा ढीग, ढिगावर माश्या, आणि निम्म्या माश्या खोलीत. भिंतीवर पाटी होती : वऱ्हाड फुटबॉल लीग, ब गट, कार्यालय. हात न धुता बाळाला कोणी शिवलं तर आरती सासूलाही बोलायची. पण किसनरावांनी ती सावध होण्याआधीच रसाने चिकट झालेल्या बोटांनी बाळाचा गाल ओढला होता. तो गाल तिने तीनदा पुसला, तरी तिला तिथे काहीतरी राहिल्यासारखं वाटत होतं.

तिला एकच कागद हवा होता. तिचा नवरा किशोर भातकुलीच्या एका खाजगी शाळेत तात्पुरता खेळशिक्षक होता आणि गावच्या फुटबॉल संघाचा कप्तान. दहा जानेवारीला दर्यापूरच्या संघाशी सामना चालू असताना त्याच्या नडगीचं हाड मोडलं. तेव्हापासून तो प्लास्टर घालून खाटेवर. हेडसर गावंडे यांचा निरोप होता की लीगच्या सामन्यात लागलं असं लेखी आणलं तर रजा कामावरची धरू आणि जागा राखू, नाहीतर सोमवारपासून दुसरा माणूस येईल. घरच्या कपाशीने त्या वर्षी वेचणीची मजुरीही काढली नव्हती. शाळेची ती जागा गेली की मागे काहीच नव्हतं.

किसनरावांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेला खाली ठेवला.

"सूनबाई, दर्यापूरचा सामना झालाच नाही."

आरतीला वाटलं, ते तारखेत चुकले. तिने तारीख पुन्हा सांगितली.

"तारीख बरोबर हाय. सामना नाही झाला."

मग त्यांनी तिला लीग समजावली, शाळेतल्या पोरीला समजावतात तशी. आठ संघ. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं. पहिला येईल तो अ गटात, शेवटचा येईल तो घरी. जो संघ दोनदा मैदानावर हजर राहणार नाही तो लीगमधून बाद, आणि बाद झालेल्या संघाचे सगळे सामने रद्द, जिंकलेले काय आणि हरलेले काय. दर्यापूरवाले दोनदा आले नाहीत. म्हणून भातकुली-दर्यापूर हा सामना वहीत नव्हता. वहीत नसलेल्या सामन्यात कोणाचा पाय मोडला, हे ते कसं लिहून देणार?

ते आले का नाहीत, ते आरतीला ठाऊक होतं. किशोरच्या पायावर पडला तोच दर्यापूरचा पोरगा पुढच्या आठवड्यात त्याला भेटायला आला होता. त्याने सांगितलं होतं की कापूस खरेदी केंद्रावर गाड्यांची रांग चार-चार दिवस हलत नाही, अर्धा संघ आपापल्या गाडीखाली झोपतो, आणि लीगवाल्यांनी त्यांचे दोन्ही सामने नेमके त्याच आठवड्यात लावले. तारखा बदलून मागितल्या तर मिळाल्या नाहीत. आता तिने भिंतीवरचा तक्ता वाचला. पहिल्या जागेवर अकोल्याचा एक संघ होता. दर्यापूरने ज्याला चार गोलांनी लोळवलं होतं, तोच. तो हरलेला सामना आता कुठेच नव्हता. त्या संघाचा मालक किसनरावांचा साळा, हे भातकुलीत सगळ्यांना माहीत होतं.

तक्त्यावरही एक माशी बसली होती, अकोल्याच्या नावावर. कागद मिळाल्याशिवाय उठायचं नाही, एवढंच तिने ठरवलं होतं.

किसनरावांनाच दया आली म्हणा, किंवा दुसरं काही. त्यांनी पुंजारामला हाक मारली. पुंजाराम लीगची वही सांभाळायचा आणि मधून मधून उसाचा चरकही. त्याने ओल्या हातांनी पानं उलटली आणि एका पानावर बोट ठेवलं.

"हे घ्या. पाच जानेवारी, भातकुलीचा अकोल्याशी सामना. किशोर हजर. नऊ नंबर. दोन गोल केले त्यानं."

"ह्याच दिवशी लागलं असं लिहून देतो," किसनराव म्हणाले. "हाड तवा चिरलं, मोडलं मागून. कोण पाहाले येते?"

पाच जानेवारी. आरतीने वही स्वतःकडे ओढली. त्या दिवशी पहाटेपासून ती कळा देत होती आणि किशोर दवाखान्याच्या बाकावर बसून होता. दुपारी लेक झाली. नर्सने ती पहिल्यांदा त्याच्याच हातात दिली, आणि त्याचे हात धुतलेले आहेत का, हे आरतीने पडल्यापडल्या विचारलं होतं. वहीत किशोरच्या नावापुढे सही होती. त्याची नव्हती. किशोर आपल्या सहीतली वेलांटी अशी गोल कधीच काढत नसे.

"हे खेळलं कोण?"

"अजहर असंल, तुमच्या गावचा. खेळाडूचं कार्ड कुणाचं बी चालते इथं."

"कार्डावर फोटो असतो ना, भाऊ?"

"फोटोत दाढी नाही, पोराले दाढी हाय," किसनराव हसले. "रेफ्रीनं इचारलं तर सांगाचं, वाढवली म्हणून. सूनबाई, कार्ड काही उडून नाही गेलं. तुमच्या मालकानंच देलं."

तेव्हा तिला तो दिवस पुन्हा दिसला. संध्याकाळी अजहर पेढे घेऊन वॉर्डात आला होता. किशोरने त्याला दाराशीच गाठून हळूच काही विचारलं, अजहरने एक बोट दाखवून मान डोलावली, आणि किशोरचा चेहरा असा उजळला की आरतीला भरून आलं होतं. लेक झाल्याचा आनंद, असं ती धरून बसली होती. रसाचा आंबट वास नाकातून जाईना.

पत्राला किंमत होती. दर्यापूरला बाद करायला भातकुलीची हरकत नाही, असा कागद पुंजारामने पुढे केला. बाद करायला सगळ्या कप्तानांची संमती लागायची; बाकीच्यांच्या सह्या झालेल्या होत्या. किशोरची तेवढी राहिली होती. तो खाटेवर असल्याचं आरतीने सांगितलं, तर किसनराव म्हणाले, तुमीच करा, त्यात काय. या सहीने भातकुलीचाही दर्यापूरशी जिंकलेला सामना जाणार होता. दर्यापूरच्या पोरांचं तर वर्षच जाणार होतं. आरतीने बाळाला डाव्या हातावर घेतलं आणि सही केली. वेलांटी अगदी किशोरसारखी आली.

ऑटो भातकुलीच्या वाटेला लागला तेव्हा तिच्या लक्षात आलं. पाच जानेवारीचा रजेचा अर्ज शाळेत होता. तिनेच लिहिला होता, अक्षर चांगलं म्हणून, दवाखान्याच्या खाटेवर बसून, दोन कळांच्या मधल्या वेळात. 'पत्नीची प्रसूती असल्याने.' आता पत्र म्हणणार, हा माणूस त्या दिवशी मैदानावर होता. गावंडे सर दोन्ही कागद शेजारी ठेवतील आणि किशोरला खोटा म्हणून काढतील. तरीही ती शाळेच्या फाटकाशी उतरली. सोमवारला दोनच दिवस होते.

सरांनी खरंच दोन्ही कागद शेजारी ठेवले. बराच वेळ पाहिले. मग त्यांनी फायलीतून अर्ज सुटा केला आणि तिच्याकडे सरकवला.

"हा मेळ खात नाही. दुसरा लिहून द्या. लीगच्या सामन्यासाठी जातो म्हणून. तारीख चार जानेवारी टाका."

"सर, पण त्या दिवशी—"

"मले माहीत हाय त्या दिवशी काय झालं. पेढा खाल्ला मी. पण फायलीले एकच गोष्ट लागते, बाई. जागा पाह्यजे का नाही?"

तिने लिहून दिलं. तेच अक्षर, तेवढ्याच ओळी. दूध उतरून ब्लाउज भिजला होता आणि बाळ रडत होतं. सर पंखा बघत बसले. जुना अर्ज चार घड्या घालून तिने बाळाच्या दुपट्यात खोवला.

घरी किशोर उशी पाठीला लावून वाटच पाहत होता. जागा राहिली म्हटल्यावर त्याने डोळे मिटून घेतले. मग पत्राची झेरॉक्स मागून घेतली, आणि वाचता वाचता त्याच्या कपाळाला आठी पडली. आरतीला वाटलं, तारीख दिसली.

"दोन गोल?" तो म्हणाला. "अजहरनं मले एकच सांगतला होता."

आरतीने लेक सासूकडे दिली आणि मागच्या दारी जाऊन साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. आत बाळ भुकेने रडत होतं. सासूने दोनदा हाक मारली. आरतीने हातांचा वास घेतला आणि पुन्हा साबण उचलला.