नाक उर्स्यूलचं, पाय माझे

गास्पारनं उर्स्यूलशी लग्न केलं. ते झालेलंच नाही असं धरून मी पुढचं सांगते; मला तसंच सोयीचं पडतं.

आम्ही दोघी सँ-झाक रस्त्यावर मादाम बुल्योंच्या दुकानात फॅशनची छापील चित्रं रंगवायचो. निळा तिच्याकडे, लाल माझ्याकडे. चित्रं गास्पार तांब्याच्या पत्र्यावर कोरायचा. "पुढच्या चित्रात चेहरा तुझाच, तिएनेत," असं तो मला इस्टरपासून सांगत होता, आणि मी इस्टरपासून रोज चेहरा धुऊन बसत होते.

त्या हिवाळ्यात बड्या घरच्या बायकांना नाचाला शेतकरीण बनून जायची हौस आली. रेशमी एप्रन, गवती टोपी, घोट्याच्या वर घागरा. मी खूश. ब्रीच्या खेड्यात बारा वर्षं मी गाईंच्या धारा काढल्यात. उर्स्यूलनं गाय पाहिली ती रश्श्यातच.

चित्र आलं. चेहरा उर्स्यूलचा. पाय माझे.

"अगं, तुझा चेहरा फारच शेतकरणीसारखा आहे," गास्पार म्हणाला. "नाचात कसा चालेल?"

"आणि पाय चालतात?"

"पाय भक्कम आहेत. नाचात चालायचं पायांनीच असतं."

उर्स्यूल कुंचल्याचं टोक ओठांनी नीट करत म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस गं. खालून बघायला घेतलं की आधी तूच दिसतेस."

आपल्याच कमरेवरच्या बाईवर इतकं जळलेली मी पॅरिसमध्ये पहिलीच असेन. मी लाल घेतला. एप्रनचे पट्टे रंगवले, ओठ रंगवले, आणि शंभरच्या शंभर चित्रांत नाकाचा शेंडा पिकल्या चेरीसारखा करून टाकला.

मादामच्या लक्षात आलं तोवर साठ विकली गेली होती.

"हे काय गं, कार्टे?"

"ऊन, मादाम. शेतात असतं."

चौथ्या दिवशी एका काउंटेसची शिंपीण धापा टाकत आली. नाकाला नेमका कुठला लाल लावायचा, बाईंनी विचारलंय म्हणे. मंगळवारच्या नाचात चाळीस बायका लाल नाकानं नाचल्या. खरोखर सर्दी झालेली एक सरदारीण सगळ्यांत वरचढ ठरली.

गास्पारनं भर दुकानात उर्स्यूलचं नाक चिमटीत धरलं. "या नाकानं पॅरिस जिंकलं! माझ्याशी लग्न करशील?"

"नाक मी रंगवलंय," मी म्हणाले.

"छानच रंगवलंस," मादाम म्हणाल्या. "आणखी सहाशे रंगव."

लग्नाच्या सकाळी (जे झालं नाही) उर्स्यूल माझ्याकडे आली. "शेंड्यावर जरा लाल लाव ना गं. तुझ्यासारखं कुणालाच जमत नाही."

मी लावला. हात वाकडा जाईल म्हणून वाट पाहिली. गेला नाही, सातशे नाकांची सवय. चर्चमध्ये माझं नाक रंगाशिवायच लाल होतं. त्याला मात्र कुणी फॅशन म्हटलं नाही.

सबब, छपाईचे परवाने देणाऱ्या राजदरबारच्या कचेरीस नम्र विनंती, की सदर विवाह ही कोरणाऱ्याची चूक समजून तो पत्रा घासून कोरा करण्यात यावा, व नवी प्रत काढताना चेहरा पायांच्या मालकिणीचाच घेण्यात यावा. सोबत पडताळणीसाठी पाय हजर केले आहेत.