पायरीवरचे चार दाणे

माझा धंदा कुलपांचा. तीस वर्षं लोकांची कुलपं उघडून दिल्यावर माणूस दुसरं काही शिको न शिको, संशय घ्यायला शिकतोच. किल्ली हरवली म्हणून कुणी आलं की मी आधी त्याच्याकडे नीट बघतो, मग कुलपाकडे. बायको म्हणते, तुम्ही आरशातल्या माणसालाही ओळखपत्र मागाल. मागेनही.

त्यामुळे त्या रविवारी सकाळी तळ्यावर पोहोचलो आणि पायरीवर मक्याचे चार दाणे दिसले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली, यात माझा काही दोष नाही.

दाण्यांचं काय एवढं, ते सांगतो. मी, बेकरीवाला आणि पोस्टमन असे आम्ही तिघं अकरा वर्षं दर रविवारी इथे कार्प मासे धरतो आणि धरून सोडून देतो. कार्प मोठा शहाणा मासा. गळ टाकला आणि आला, असं त्याचं नसतं. त्याला आधी जागेची सवय लावावी लागते. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी उकडलेला मका टाकायचा. मग रविवारी तो आपण होऊन जेवायला येतो. दोन आठवडे मका चुकला की मासे दुसरी खानावळ शोधतात.

मोडक्या पायऱ्यांच्या डाव्या हाताची जागा माझी. तिथे सासूबाई येतात. सासूबाई म्हणजे पाठीवर पांढरा डाग असलेली एक जुनी, धिप्पाड मादी. समोर काहीही ठेवा, नाक मुरडते, म्हणून हे नाव. अकरा वर्षांत ती मला दोनदा आणि पोस्टमनला एकदा लागली. बेकरीवाला अजून वाटच बघतोय.

आणि नवख्यांना शिकवायचं काम माझं. दुकानात माझ्याशी कुणी दोन मिनिटांच्या वर बोलत नाही. तळ्यावर मात्र एका बँकेचा मॅनेजर माझ्यासमोर उकिडवा बसून "गाठ परत एकदा दाखवा ना," म्हणाला आहे. नवख्याच्या हातात पहिला मासा वळवळतो, त्याला हसावं की घाबरावं कळत नाही, तेव्हा मला जे सुख होतं ते मी घरी कुणाला सांगितलेलं नाही. ती जागा आणि ते गुरुजीपण गेलं, तर माझ्या रविवारात उरतं काय?

तर झालं असं, की कंबर धरल्यामुळे मी तीन आठवडे अंथरुणात होतो. मका टाकायला कोण जाणार? मासे गेले असणार, असं धरूनच मी आलो होतो. आणि इथे पायरीवर दाणे, तेही कालचे, मऊ. माझ्या जागेवर पाण्यातून बुडबुडे येत होते. मासे जमलेले होते. म्हणजे मी आजारी पडायची वाट बघून कुणीतरी माझी जागा लाटली होती.

तेवढ्यात ते दोघं आले. सोबत एक बाई.

"ही माझी मेहुणी," पोस्टमन म्हणाला. "मोठ्या दवाखान्यात सिस्टर आहे, ऑपरेशन थिएटरमध्ये. हिला शिकायचंय."

"नमस्कार काका," ती म्हणाली. "तुमच्याबद्दल खूप ऐकलंय."

काय ऐकलंय, हे मी मनात टिपून ठेवलं.

"कंबर काय म्हणतेय?" बेकरीवाल्याने विचारलं.

"कंबर बरी आहे. इथे मका कुणी टाकला?"

पोस्टमनने बेकरीवाल्याकडे पाहिलं. बेकरीवाल्याने आकाशाकडे. "पाखरांनी आणला असेल," तो म्हणाला. उकडलेला मका, आणि पाखरांनी! कुठेतरी पाणी मुरत होतं.

सिस्टर नेमकी माझ्याच शेजारी बसली. मी आमिषाच्या डब्याचं कुलूप काढलं, तशी हसली. "डब्यालाही कुलूप?"

"सवय," मी म्हणालो.

मी सांगेन ते ती एका लाल वहीत लिहून घ्यायची. पाय आपटायचे नाहीत, लिहिलं. दोऱ्यावरचा तरंगा पाण्यावर पहिल्यांदा हलला की ओढायचं नाही, आडवा होऊन चालू लागला की ओढायचं, लिहिलं. आजवर इतक्या जणांना शिकवलं, वही कुणी आणली नव्हती. ती चहा आणायला पोस्टमनकडे गेली आणि मी ती वही उघडली. दुसऱ्याची वही वाचणं वाईट, हे मलाही कळतं. पण उघडली.

पहिल्याच पानावर होतं: "बुधवार, शनिवार. संध्याकाळी सहा. तीन मुठी. पायरीच्या डावीकडे, काळ्या दगडापुढे दोन हात." खाली दोन रेघा मारून: "काकांना कळू द्यायचं नाही."

माझं डोकंच फिरलं. अकरा वर्षांची दोस्ती, आणि या दोघांनी माझी जागा मेहुणीला देऊन टाकली! उद्या नवखेही तिच्याकडेच जातील. वहीत सगळं लिहिलेलंच आहे.

ती चहा घेऊन आली. म्हणाली, "काका, गळ बांधायची गाठ दाखवता?"

मी दाखवली. गळाच्या छिद्रातून नायलॉनचा दोरा घ्यायचा, दोन वेढे द्यायचे, टोक आत घालून ओढायचं.

"दोनच वेढे?" तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं.

"दोनच."

तिने तशीच बांधली. खरे पाच लागतात, आणि ओढण्याआधी दोरा थुंकीने ओला करावा लागतो. मला वाटलं, एखादा लहानसा मासा लागेल, गाठ सुटेल, बाईसाहेब वैतागून घरी जातील. एवढंच.

अर्ध्या तासाने तिचा तरंगा हलला. तिने हात लावला नाही. तो आडवा झाला, चालू लागला, तेव्हा तिने ओढलं, अगदी मी सांगितलं तसं. काठी कमानीसारखी वाकली. पाणी फुटलं आणि मला पांढरा डाग दिसला.

"सासूबाई!" बेकरीवाला जाळी घेऊन धावत सुटला.

"ढील द्या! सिस्टर, ढील द्या, ओढू नका!" मीच ओरडत होतो. मला त्या क्षणी ती मासोळी काठावर यायला हवी होती, इतकी की माझी कंबर दुखायची थांबली. सिस्टरने ढील दिली. सासूबाई एकदा वळल्या. काठी सरळ झाली.

पोस्टमनने दोऱ्याचं टोक हातात घेतलं. तुटलेला दोरा सरळ असतो. हे टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं होतं.

"गाठ सुटली," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघू लागला.

"माझ्याच हातून नीट बसली नसेल," सिस्टर म्हणाली.

बेकरीवाला रिकामी जाळी घेऊन पायरीवर बसला. "तीन आठवडे भट्टीवर मका उकडला रे. ही ड्यूटी संपवून, बस बदलून इथे टाकायला यायची. आम्ही म्हटलं, तू बरा होऊन येशील तेव्हा तुझी जागा रिकामी नको. तुला सांगितलं असतं, तर तू आमच्यावरच उखडला असतास."

त्या वहीतलं पान माझ्यासाठीच होतं.

गप्प बसलो असतो तर गाठ तिच्या नावावर गेली असती. ती तयारच होती. मी म्हणालो, "गाठ मी चुकीची शिकवली. मुद्दाम. वही वाचली मी."

पोस्टमन उठला आणि पाण्याकडे तोंड करून उभा राहिला. बेकरीवाल्याने हळूच विचारलं, "गळ तोंडात राहिला असेल तिच्या?"

"आपल्या गळांना उलटा काटा नसतो," मी म्हणालो. "पडेल तो." माझाच आवाज मला खोटा वाटला.

"मला माहीत होतं, काका," सिस्टर म्हणाली. "आमच्याकडे टाक्यांना नायलॉनच असतो. दोन वेढ्यांवर डॉक्टर कधी थांबत नाहीत. पण वाटलं, माशांचं वेगळं असेल. तुम्ही सांगताय म्हणजे काहीतरी असेल."

मग तिने नवा गळ काढला आणि दोऱ्याचं टोक माझ्यापुढे धरलं. "आता खरी दाखवा."

मी पाच वेढे मोजून घेतले, दोरा ओला केला, ओढला. गळ तिच्या हातात दिला. सकाळपासून मी जे जे सांगितलं, ते तिने जसंच्या तसं केलं होतं. आता तिने गाठ दोन्ही हातांत धरून जोरात ओढून पाहिली. मग उजेडात धरून वेढे मोजले आणि पुन्हा एकदा ओढून पाहिली.