सुमतीचा घास

न्यूझीलंडात, पोरिरुआ शहराच्या पलीकडच्या त्या कोळ्यांच्या गावात रावसाहेबांशी बोलायला होतं कोण? लेक मेधा हॉस्पिटलात नर्स, तिची ड्यूटी संपता संपत नसे. नातू इंद्रनीलला मराठी समजायचं, पण उत्तर इंग्रजीत. मग हा भला माणूस रोज उठून धक्क्यावरच्या चिनी देवळात जायचा. जुन्या काळी मासेमारीला आलेल्या चिन्यांनी समुद्राच्या देवीसाठी बांधलेलं लाकडी देऊळ ते. आता उघडायला एकटा म्हातारा वाँग उरलेला. देवीशेजारी एका बाईचा फोटो, पुढे बशीत संत्रं. प्रसाद समजून रावसाहेब ते उचलत आणि धक्क्यावर बसून खात. वाँग मान डोलवायचा. झालं, एवढाच काय तो दोघांचा संवाद!

आज सुमतीचं, रावसाहेबांच्या बायकोचं, वर्षश्राद्ध. मेधाने रजा घेऊन खीर-वडे केले, घास डेकच्या कठड्यावर ठेवला. पण या मुलखात कावळाच नाही, शिवणार कोण? एक सीगल आला, तर रावसाहेबांनीच त्याला हाकललं.

"अहो बाबा, कुठलाही पक्षी चालेल."

"कावळा तो कावळाच!" ते खेकसले. जन्मभर सगळ्यांना वाढून मग पानावर बसलेली बाई. आज ती उपाशी राहणार की काय?

शेवटी घास ताटलीत झाकून घेऊन समुद्रात सोडायला दोघं निघाली. वाटेत देऊळ. मेधा दारात वाँगशी बोलत उभी राहिली, रावसाहेबांनी सवयीने आत जाऊन संत्र्याला हात घातला.

"बाबा, थांबा! तो फोटो त्यांच्या बायकोचा आहे. गेल्या त्या. संत्रं त्यांच्यासाठी असतं!"

रावसाहेबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेलेल्या बाईच्या तोंडचा घास आपण रोज खाल्ला! "माझ्यातर्फे माफी माग ग त्यांची."

मेधाने मागितली. वाँग बराच वेळ बोलत राहिला.

"ते म्हणतात, आमच्यात ठेवलेलं नंतर माणसांनीच खायचं असतं. पण घरात कुणी उरलंच नाही, आणि एकट्याने खाववत नाही. संत्री सुकून जायची. तुम्ही खायला लागलात, तेव्हापासून तिला पोचतंय असं वाटतं त्यांना."

ताटलीवरचा रुमाल काढून रावसाहेबांनी ती वाँगपुढे धरली. वाँगने आधी फोटोकडे पाहिलं. मग वडा उचलला, खिरीत बुडवून खाल्ला, बोटंसुद्धा चाटली.

रावसाहेबांनी हात जोडले. डोळे घळाघळा वाहत होते.

"जेवली ग," ते मेधाला म्हणाले, "तुझी आई जेवली."