खाटेपाशीचं ओव्हर

दुपारी दोनच्या सुमारास प्रसूती वॉर्डाच्या पश्चिमेकडच्या खिडक्यांतून पिवळसर, धुळकट ऊन फरशीवर उतरतं आणि त्या उन्हात मला अजूनही म्हात्रे सिस्टरच्या कमरेच्या किल्ल्या किणकिणताना ऐकू येतात. पनवेलच्या आमच्या रुग्णालयात त्यांनी उभं आयुष्य काढलं. मुद्रा शांत, चाल संथ. पण कपाळावर एक आठी कायमची वस्तीला आलेली. त्या आठीचं कारण मी होते.

ड्यूटी बदलताना एकीने दुसरीला रुग्णांची हकीकत सांगायची, याला आम्ही ‘ओव्हर देणं’ म्हणतो. त्या दुपारी मी टेबलाशी बसूनच ओव्हर दिलं: चौदा नंबर, बाळंतीण, झोपली आहे, ठीक. तेवढ्यात जासईहून आलेली तिची सासू दारातून म्हणाली, “ओ बाय, माजी सून बोलत नाय, बगा ना जरा.” सिस्टर धावल्या, चादर उचलली. खालची गादी रक्ताने भिजली होती.

ती वाचली, आणि वाचली म्हणूनच कार्यालयाला त्याचं फारसं काही वाटलं नाही. त्यांना फक्त चुकलेल्या नर्सचं नाव हवं होतं. सिस्टर म्हणाल्या, “नाव दिलं की तुम्ही फाइल बंद कराल. मला नियम हवाय.” ओव्हर खाटेपाशी, चादर उचलून, आणि त्यासाठी दोन पाळ्यांत अर्धा तास सामाईक. एवढंच मागणं! पण अर्ज कधी नमुन्यात नसे, कधी साहेब रजेवर, कधी कागदच गहाळ. समिती नेमली, तर तिच्यात नर्स एकही नाही. नुसता वैताग! सिस्टर मात्र दर महिन्याला त्याच टपोऱ्या अक्षरात तोच अर्ज पुन्हा लिहीत. अखेर परिपत्रक आलं: ओव्हर ‘शक्यतो’ खाटेपाशी द्यावं.

“शक्यतो?” सिस्टर चरफडल्या. “रक्त काय शक्यतो वाहतं?” आणि त्या एका शब्दासाठी पुन्हा अर्ज लिहायला बसल्या.

तो शब्द गेला तेव्हा त्या निवृत्त होऊन ओवे गावातल्या घरी बसल्या होत्या. सुधारलेला कागद आता वॉर्डाच्या भिंतीवर आहे. त्यावर समितीच्या साऱ्या सह्या आहेत, सिस्टरचं नाव कुठेच नाही. त्यांच्या एकाही अर्जात माझं नव्हतं, तसंच. मला याचा भयंकर संताप येतो. मग दोन वाजतात. त्यांच्या किल्ल्या माझ्या कमरेला वाजतात, मी चौदा नंबरची चादर उचलते, आणि इतकी वर्षं लोटूनही आधी गादीवर हात फिरवून बघते, मगच ओव्हर देते.