भिंतीवरचा आबुंदियो

लिमाच्या हिवाळ्यात सूर्य सुटीवर जातो आणि धुकं घरोघरी बिऱ्हाड थाटतं. तशाच एका हिवाळ्यात, पुरल्यावर महिनाभरात, आबुंदियो पलंगामागच्या भिंतीवर परत आला. आधी हॅट, मग मिशा. सगळं काळपट हिरवं.

त्याच्या बायकोने, एउदोसियाने, लगेच खिडकी खिळे ठोकून बंद केली. गार वाऱ्यानेच त्याला नेलं, असं तिचं ठाम मत होतं. आणि परत आलेल्या नवऱ्याला निसटायला वाट मोकळी ठेवण्याइतकी ती भाबडी नव्हती.

शेजारीण एर्मेलिंदा मेणबत्ती घेऊन आली. "जिवंतपणी घरी इतका टिकला नव्हता गं!"

"आता जाईल कुठे? पाय अजून उमटायचेत."

त्या पलंगावर नात सोइला झोपायची. तिच्या छातीतून शिट्टी वाजू लागली. आबुंदियो अशीच शिट्टी वाजवत जिना चढायचा. एउदोसियाच्या अंगावर काटा आला, आणि थोडं बरंही वाटलं.

मग एका सकाळी सोइलाचे ओठ निळे पडले. दवाखान्यातल्या नर्सने तिला औषधाची वाफ दिली आणि भिंतीची हकीकत ऐकली.

"मावशी, ती बुरशी आहे. पोरगी तीच छातीत ओढतेय."

"बुरशीला मिशा असतात?"

"असू देत. पोरीला छाती एकच आहे. पुसून काढा, खिडकी उघडा."

सोइलाला एर्मेलिंदाकडे सोडून एउदोसियाने बादली भरली. नुसतं ब्लीच नवऱ्याला पुरणार नाही, म्हणून वरून फरशीचं ॲसिड ओतलं. त्या गल्लीत स्वच्छता नाकाने मोजतात. खिडकी मात्र तशीच ठेवली. पुसताना निसटला तर?

बादलीतून पिवळट धूर उठला. डोळे पेटले, घसा आवळला. तिच्याच छातीतून शिट्टी निघाली. त्याची, अगदी सुरात.

"बोलावतोयस होय रे," ती पुटपुटली आणि खाली बसली. बसणं फार सोपं होतं.

दाराबाहेरून सोइलाचा खोकला ऐकू आला. "आजी, मी आत येऊ?"

"येऊ नकोस! पळ!"

तिने आबुंदियोचाच बूट उचलून काचेवर हाणला. धुकं आत आलं, धूर बाहेर गेला. आणखी कोण गेलं, ते दिसलं नाही.

भिंत पुढे तिने साबणाने घासली.

"आबुंदियो कुठंय?" एर्मेलिंदाने विचारलं.

"बाहेर गेलाय."

"आणि परत आला तर?"

"पोरगी आता स्वयंपाकघरात झोपते. त्या पलंगावर मी असते."