सुपारीच्या कप्प्यातली गोळी

मित्रांनो, माझ्याकडे पान मागू नका. मी पानाचा डबा आहे खरा, पितळेचा, झाकणावर मोर कोरलेला. पण माझ्यात पान पडून जमाना लोटला. आता माझ्या सुपारीच्या कप्प्यात साखरेच्या आजाराची गोळी असते, लवंगेच्या कप्प्यात रक्तदाबाची आणि पानाच्या मोठ्या कप्प्यात हृदयाची, रक्त पातळ ठेवणारी. चुन्याचा आणि काताचा असे दोन कप्पे रिकामे राहिले होते. त्यांची गोष्ट शेवटी येईल.

विजापूरच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं आणि सोलापूरच्या चाटी गल्लीत चादरींचं दुकान चालवणाऱ्या मल्लिनाथअप्पांनी मला विकत घेतलं. तेव्हा माझा थाट होता. गिऱ्हाईक आलं की आधी मी पुढे सरकायचो, मग चादर उलगडायची. तोंडात विडा असलेल्या माणसाला घासाघीस करता येत नाही, हे अप्पांना पक्कं ठाऊक होतं. लोक माझ्या मोराची स्तुती करत आणि महाग चादर घेऊन जात. माणसांची पहिली पारख मला तिथेच झाली. फुकट काही मिळालं की माणूस आपला तोटा मोजायचा विसरतो.

अप्पा गेले. त्यांचे चिरंजीव ईश्वरप्पा यांनी मला माळ्यावर फेकलं. त्यांना पान आवडत नाही, बढाई आवडते. ती ठेवायला डबा लागत नाही. माळ्यावर मी काळा पडलो. मग एक दिवस त्यांच्या पत्नी दाक्षायणी शिडीवर चढल्या, मला खाली घेतलं, चिंचेने घासलं आणि कात्रीने गोळ्यांची पाकिटं कापून माझ्यात भरली. मला वाटलं, चला, पुन्हा मान आला. कसला मान! दारावरची घंटा वाजली की मला उचलून ज्वारीच्या पिंपामागे ढकलायचं, असा घरात नियम झाला.

कारण असं, की त्यांच्या मुलाचं, शिवराजचं, लग्न जमवायचं होतं. सासू आजारी आहे असं कळलं तर मुलीवाले म्हणणार, आमच्या पोरीला काय सेवेला धाडायची? म्हणून दाक्षायणीबाईंच्या हृदयाच्या नळीत पुण्याला जाळी बसवली, तेव्हा ईश्वरप्पांनी सगळ्या नातेवाइकांना सांगितलं, "श्रीशैलला जाऊन येतो." परत आले ते विभूतीच्या पुड्या घेऊन. घरोघर वाटल्या. लोकांनी दोन्ही हात पुढे करून घेतल्या, कपाळाला लावल्या, आणि दाक्षायणीबाई थकलेल्या दिसतात म्हणून त्यांच्या भक्तीचं कौतुक केलं. ती विभूती मंगळवार पेठेतल्या दुकानातली होती, हे पिंपामागे बसून मी ऐकलं होतं. देवाच्या नावावर आजार खपवणारा व्यापारी मी तोवर पाहिला नव्हता.

आणि मग खरा पेच आला. त्यांची मुलगी महेश्वरी जर्मनीत असते. तिला दिवस गेले होते, पहिलटकरीण. नवऱ्याची पाळीची नोकरी, दुसरं कुणी जवळ नाही. "आई, तू ये," एवढंच ती फोनवर म्हणे. पण तिकडच्या व्हिसाला प्रवासाचा विमा लागतो, आणि विमा देणारे आधी विचारतात, पूर्वीपासून काही आजार आहे का? खरं सांगावं तर विमा मिळेलच याचा भरवसा नाही. खोटं सांगावं तर विमा लगेच मिळतो, पण तो कागदच. उद्या परदेशात छातीत दुखलं तर जुन्या तपासण्यांचे कागद निघतात आणि कंपनी हात वर करते. दाक्षायणीबाईंना झोप लागत नव्हती ती यानेच. न गेल्या तर पोर एकटी. गेल्या आणि पडल्या तर पोरीवर डोंगर.

ईश्वरप्पा मात्र निश्चिंत. त्यांनी राजशेखरला बोलावलं. हा त्यांच्या लांबच्या नात्यातला विमा एजंट. लग्नाच्या मांडवात हा माणूस आधी आजारी माणसं हुडकतो आणि मग त्यांना निरोगी म्हणून विकतो. घंटा वाजली. मी पिंपामागे गेलो. मुलीवाले असोत की विमावाले, या घरात कोण आलंय याने फरक पडत नाही, तब्येत झाकायचीच.

राजशेखर सोफ्यावर बसला, मोबाइलवर फॉर्म उघडला.

"मधुमेह?"

"नाही," ईश्वरप्पा म्हणाले. प्रश्न दाक्षायणीबाईंच्या शरीराचा, उत्तर यांचं.

"रक्तदाब?"

"छे!"

"हृदयाचं काही?"

"अरे, तिचं हृदय म्हणजे लोखंड हाय लोखंड!" आतली जाळी धातूची असते, त्यामुळे एवढं एकच उत्तर सत्याच्या आसपास गेलं.

दाक्षायणीबाई बिनसाखरेचा चहा पीत होत्या. राजशेखरने कपाकडे पाहिलं आणि नजर वळवली. न पाहणं हाच त्याचा धंदा आहे. "झालं की अण्णा, सगळीकडे 'नाही' टाकलं. काकू, बॅग भरायला घ्या."

"आणि तिकडं काही झालं तर?" दाक्षायणीबाईंनी हळूच विचारलं.

"होईल कशाला काकू? चांगलं बोलावं माणसानं."

आता ऐका, मित्रांनो, घोटाळा कुठे झाला. त्या दिवशी ईश्वरप्पांची थोरली बहीण नागव्वा मंद्रूपहून आली होती. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन येते, घरातली प्रत्येक गोष्ट डोळ्यांनी चाखते, आणि परत गेल्यावर बाजार उठायच्या आत सगळ्या मंद्रूपला चव देते. म्हणूनच तिच्यापासून मला सगळ्यात जास्त लपवलं जाई. तिच्या पदराच्या टोकाला कायम एक घट्ट गाठ असते. त्या गाठीला कुणी हात लावलेला तिला खपत नाही. त्यात देवाचा अंगारा असेल असं सगळे धरून चालतात.

राजशेखर उठला तशी ती ओरडली, "अय्यो! पाव्हणा निगाला आन् पान-सुपारी न्हाय? अप्पाच्या घरातनं कुणी कोरड्या तोंडानं गेलंय का कदी?"

"असू दे अक्का, त्याला घाई आहे," ईश्वरप्पा म्हणाले.

पण ती केव्हाच स्वयंपाकघरात शिरली होती. सुपारी शोधता शोधता पिंपामागे तिला माझा मोर दिसला. "शिवा शिवा! अप्पाच्या डब्याला हितं कुणी टाकलं रं?" तिने मला पदराने पुसलं, मिरवत बाहेर आणलं, राजशेखरच्या पुढ्यात ठेवलं आणि मोठ्या ऐटीत झाकण उघडलं.

आयुष्यात पहिल्यांदा माझं झाकण उघडल्यावर कुणी स्तुती केली नाही.

"त्या... त्या आईच्या जुन्या गोळ्या आहेत," ईश्वरप्पा म्हणाले. व्यापारात इतकी वर्षं काढून माणसाला एवढंच खोटं सुचावं!

"आईच्या?" नागव्वाने डोळे वटारले. "आई जाऊन लई वर्सं झाली की! आन् तिनं जल्मात गोळी खाल्ली न्हाय, काढाच प्याली."

राजशेखरने दोन बोटांनी माझं झाकण लावलं. "मी काही पाहिलं नाही अण्णा. मला पानही चालत नाही." आणि चप्पल शोधू लागला.

तेव्हा दाक्षायणीबाई उठल्या. त्यांनी झाकण परत उघडलं, इतक्या जोरात की माझी बिजागरी कुरकुरली.

"बसा राजशेखर. तो मोबाइल काढा. ही सुपारीच्या जागची, साखरेची. ही रक्तदाबाची. आणि ही हृदयाची. जाळी बसवली आहे, पुण्याला. लिहा."

"काकू, खरं लिहिलं तर वेळेत विमा मिळेलच असं नाही."

"आणि खोटं लिहिलं तर पैसे मिळतील?"

राजशेखर पंख्याकडे बघत म्हणाला, "कागद मिळतो काकू. पैशाचं... ते जुनी कागदपत्रं मागवतात."

"म्हणजे बिल माझ्या माहीच्या गळ्यात. ओली बाळंतीण, कडेवर तान्हं पोर, आणि दवाखान्यात आई. हे द्यायला जाऊ मी तिला?"

"मग नाही मिळाला विमा, तर बस हितंच!" ईश्वरप्पांचा आवाज चढला. "पोरीचं बाळंतपण मोबाइलवर बघ!"

"बघीन," त्या म्हणाल्या. "पण तिच्यावर ओझं व्हायला जाणार नाही."

मग नागव्वा बोलली. "दाक्षा, हे तुला कवा झालं गं?"

"आम्ही श्रीशैलला गेलो होतो ना अक्का, तेव्हा."

"आँ? मग ती विभूती? मी दर सोमवारी लावते ती? कुटली रं ती, ईश्वरा?"

"मंगळवार पेठेतली," ईश्वरप्पा जमिनीकडे बघत म्हणाले.

नागव्वाने त्यांना काय काय म्हटलं ते लहान मुलांपुढे सांगता येत नाही. अर्धं कानडीत होतं. पण मी एक पाहिलं. बोलताना तिचा हात पदराच्या गाठीवर घट्ट बसला होता.

पुढचे दिवस वाईट गेले. एका कंपनीने हृदयाचं नाव वाचताच दार लावलं. दुसरी म्हणाली, विमा देऊ, पण हृदय, साखर आणि रक्तदाब सोडून. म्हणजे छत्री देऊ, पण पाऊस सोडून. ईश्वरप्पा फोनवर कंपनीशी चादरीसारखी घासाघीस करत. "अहो, नळी नवी केलीय! जुन्या नळीवाल्यापेक्षा आमच्याकडून कमी घ्या!" फोन ठेवून ते स्वतःवरच खूश होत. हप्ता एक रुपयानेही हलला नाही.

दाक्षायणीबाई हृदयाच्या डॉक्टरांकडे गेल्या. तब्येत बऱ्याच काळापासून स्थिर आहे, प्रवासाला हरकत नाही, गोळ्या या या, असं त्यांच्या सहीने लिहून घेतलं. ते पत्र पाहून तिसऱ्या कंपनीने तपासण्या मागितल्या. तपासण्या झाल्या. मग होकार आला: हप्ता चढा, आणि जुन्या आजाराचा खर्च अचानक जिवावर बेतलं तरच, तोही एका मर्यादेपर्यंत. राजशेखर फायदे वाचू लागला. दाक्षायणीबाईंनी चष्मा लावला. "काय देणार ते राहू दे. काय देणार नाही ते आधी वाचा." त्या पानावर येताच राजशेखर ओळीओळीला अडखळू लागला. त्याने ते पान स्वतःही कधी वाचलं नव्हतं.

व्हिसा आला तेव्हा महेश्वरीला नववा लागला होता. मीही गेलो, हातातल्या पिशवीतून. विमानतळावर एका अधिकाऱ्याने मला उघडलं, डॉक्टरांचं पत्र वाचलं, मान हलवली, झाकण लावलं. ना लाज, ना कुजबुज. इतक्या वर्षांत मला असा सभ्य माणूस भेटला नव्हता.

नात झाली. दाक्षायणीबाईंनी तिला पायांवर घेऊन न्हाऊ घातलं, शेक दिला. एका सकाळी जिना चढताना त्यांची छाती दाटली. मित्रांनो, खोटा कागद असता तर त्या गप्प बसल्या असत्या. पाणी पिऊन, भिंत धरून. त्यांनी तिथेच लेकीला हाक मारली. दवाखान्यात नेलं, सगळं तपासलं. हृदय ठीक होतं, पित्त होतं. संध्याकाळी त्या घरी नातीला थोपटत होत्या. कंपनीने पत्रांवर पत्रं धाडली, काही भरलं, काही कापलं. पण 'तुम्ही लपवलंत' असं म्हणायची सोय तिला नव्हती.

फोनवर ईश्वरप्पा म्हणाले, "पित्त? नुसतं पित्त? मग एवढा हप्ता कशाला भरला?" बायकोला झटका आला नाही म्हणून हळहळणारा माणूस मी याचि देही पाहिला.

आता आम्ही परत सोलापुरात आहोत. मागच्या महिन्यात शिवराजला बघायला मुलीकडचे येणार होते. घंटा वाजली तशी ईश्वरप्पांनी सवयीने मला उचललं. नागव्वा आली होतीच.

"ठेव तितंच!" ती गरजली.

त्यांनी ठेवलं. मग तिने भिंतीकडे तोंड करून पदराची ती गाठ दातांनी सोडवली. अंगारा नव्हता. चुरगळलेलं गोळ्यांचं पाकीट होतं. "सुनंला कळलं तर येष्टीत बसू देणार न्हाय मला," ती पुटपुटली आणि गोळ्या माझ्या चुन्याच्या कप्प्यात ठेवल्या. "हितं आल्यावर हितनंच घेईन. दाक्षा, कुणाला बोलू नगंस." मग जरा थांबून म्हणाली, "न्हाईतर बोल. बोल की. काय हुतंय?"

मित्रांनो, माझी तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरी माझ्यासारखा डबा असेलच. नसेल तर कुठल्या तरी पिंपामागे बघा. त्याला चिंचेने घासू नका, त्याच्या मोराची तारीफ करू नका. त्याला उचला आणि बैठकीत, सगळ्यांना दिसेल असा ठेवा. पाहुण्यांना काय वाटेल ते पाहुण्यांना वाटू द्या.

मी आता टेबलाच्या मधोमध असतो. काताचा कप्पा तेवढा रिकामा आहे. रोज दुपारी जेवण झालं की ईश्वरप्पा न्हाणीघरात जातात, कडी लावतात, आणि खिशातून पाकीट काढल्याची चुरचुर मला इथपर्यंत ऐकू येते. बाहेर येऊन ते मिशीवरचं पाणी पुसतात आणि सांगतात, "मला? मला काही नाही."

मी झाकण उघडं ठेवून बसलो आहे.